तिसऱ्या खांबापासून चाळीस सेंटिमीटर

१

सप्टेंबरातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या त्या घराची बेल वाजली. दारातल्या माणसानं अभिजितचं नाव विचारून खात्री करून घेतली, एक जाड पाकीट त्याच्या हातात दिलं आणि दिवस चांगला जावो म्हणून तो आपल्या गाडीकडे निघून गेला. अभिजित त्या दिवशी घरूनच काम करत होता. त्यानं उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला.

त्याच्या आत्या सुचित्रा शेवडे आठवड्यापूर्वीच मिरजेहून आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि पाकीट कोर्टाचं आहे हे ओळखलं. मिरजेच्या दिवाणी न्यायालयात बत्तीस वर्षं काढून त्या नाझर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. समन्स बेलिफांच्या हाती देणं आणि ते पोचलं की नाही याचे अहवाल तपासणं, हे नाझराचं काम. घर बंद आढळले, इसम परगावी गेला, घेण्यास नकार दिला, दारास चिकटवले. असे हजारो अहवाल त्यांनी वाचले होते, आणि त्यातला कुठला चहाच्या टपरीवर बसून लिहिलाय हे त्यांना सहज कळायचं.

पाकिटात निकाल होता. शेजारच्या नूला ब्रेनन यांनी अभिजितवर दावा लावला होता. त्यानं मागच्या अंगणात बांधलेली लाकडी खोली कुंपणाच्या तिसऱ्या खांबापाशी चाळीस सेंटिमीटर त्यांच्या हद्दीत शिरली आहे, आणि तिच्या पायामुळे सामाईक गटार दबून त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे, असं त्यांचं म्हणणं. अभिजित कोर्टात आलाच नाही, म्हणून निकाल एकतर्फी झाला होता. आठ आठवड्यांत खोली काढायची होती.

त्या खोलीत अभिजितची बायको रेवती गाणं शिकवायची. नोकरी सोडून तिनं दोन वर्षांपूर्वी ते सुरू केलं होतं आणि आता तिच्याकडे अकरा विद्यार्थी होते.

"आत्या, मला समन्स मिळालंच नाही," अभिजित म्हणाला. "निकालाच्या आधी एक कागदही आला नाही."

दुपारी त्यानं शर्वाणीला फोन लावला. ती मूळची पुण्याची, आता डब्लिनमध्ये वकिली करत होती. तिनं धीर दिला. बोलावणं पोचलंच नसेल तर एकतर्फी निकाल रद्द करायला कोर्ट सहसा आडकाठी करत नाही, असं तिनं सांगितलं. मात्र बोलावणं माहीत असून माणूस घरी बसला असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय बाजूही तितकीच भक्कम लागते, नुसतं 'मला पुन्हा ऐका' म्हणून भागत नाही.

संध्याकाळी तिचाच फोन आला. समन्स बारा मार्चला रजिस्टर्ड टपालानं पोचलं होतं आणि याच घरात कुणीतरी सही करून घेतलं होतं. टपालवाल्याच्या मशीनवर बोटानं केलेली सही वेडीवाकडी होती, पण पहिलं अक्षर स्पष्ट होतं. इंग्रजी के.

घरात के अक्षराची एकच व्यक्ती राहत होती.

२

क्षितिजा वरच्या लहान खोलीत दीड वर्षापासून भाड्यानं राहत होती. लेक्सलिपच्या चिप कारखान्यात ती इंजिनिअर होती, पाळी बारा तासांची, मग सलग तीन-चार दिवस सुटी. मुलगी शांत होती. स्वतःचा डबा, स्वतःचं कपाट आणि रेवतीच्या गाण्याच्या वेळी कानाला लावायचे हेडफोन, यापलीकडे तिचा घराला काही त्रास नव्हता.

अभिजितनं तिला त्याच संध्याकाळी खाली, रेवतीसमोर, बोलावलं. आवाज चढवला नाही. प्रतिज्ञापत्रात आपल्याला लिहावं लागेल की पाकीट भाडेकरूनं घेतलं आणि आपल्याला दिलं नाही, एवढंच त्यानं सांगितलं. आणि ऑक्टोबर संपेपर्यंत तिनं दुसरी जागा बघितली तर बरं. डब्लिनच्या आसपास एक खोली मिळवायला लोकांना सहा-सहा महिने लागत होते, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सुचित्राबाई दोन कप चहा घेऊन वर गेल्या. क्षितिजा पलंगाच्या कडेवर बसून बोलली. पाकीट आपणच घेतलं होतं हे तिनं लगेच कबूल केलं. तिची सुटी होती, टपालवाल्यानं मशीन पुढे केलं, तिनं बोटानं सही केली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं पाकीट अभिजितदादांच्या हातात दिलं होतं. ते ओट्यापाशी उभे राहून कुणाशी तरी मीटिंगमध्ये बोलत होते. त्यांनी मान हलवली आणि पाकीट लॅपटॉपखाली सरकवलं.

सुचित्राबाईंनी विचारलं, हे तू काल का नाही सांगितलंस?

"सांगितलं, काकू. ते म्हणाले, तुझ्या लक्षात नसेल, तू ते कुठेतरी ठेवून विसरली असशील. दोनदा म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की मग मलाच वाटायला लागलं, खरंच दिलं होतं ना मी?"

सुचित्राबाई खाली आल्या. दोन माणसं, दोन जबान्या, आणि मध्ये एक पाकीट. क्षितिजा खोटं बोलत नव्हती असं त्यांना वाटत होतं. पण मीटिंगमध्ये गुंतलेल्या माणसानं पाकीट सरकवलं आणि ते कागदांत हरवलं, असंही होऊ शकत होतं. अभिजित बारावीनंतर दोन वर्षं त्यांच्याकडे मिरजेला राहिला होता. तो वेंधळा होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यांनी शर्वाणीला विचारलं, की ब्रेनन बाईंच्या वकिलानं एकच कागद पाठवला होता का.

शर्वाणी म्हणाली, "नाही. तीन पाठवलेत, काकू. समन्सनंतर मे महिन्यात इशाऱ्याचं पत्र, आणि जुलैत सुनावणीची नोटीस. ती दोन्ही साध्या टपालानं."

एक पाकीट हरवतं. तीन कशी हरवतील?

३

ती दोन पत्रं पाठवलीच नसतील, निव्वळ पाठवली असं लिहिलं असेल, ही शंका त्यांच्या मनात आधी आली; असले अहवाल त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. म्हणून दोन दिवसांनी, ऊन पडलेलं बघून, त्या शेजारी गेल्या. त्यांचं इंग्रजी कोर्टाच्या कागदांतलं होतं, पण त्यावर भागलं.

नूला ब्रेनन सत्तरीच्या होत्या. अंगणात गुडघ्याखाली उशी घेऊन त्या कुंपणालगत कांद्यासारखं काहीतरी मातीत पुरत होत्या. सुचित्राबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी एक हातात दिलं. डॅफोडिलचे कंद. दरवर्षी ऑक्टोबरच्या तोंडावर थोडे नवे लावतात. मार्चमध्ये सगळी कड पिवळी होते, आणि एप्रिल संपेपर्यंत फुलांचा मागमूस राहत नाही.

आपण अभिजितची आत्या आहोत हे सांगितल्यावर ब्रेनन बाई जराशा ताठ झाल्या, पण चहाला आत बोलावलं. भिंत दाखवली. सिंकच्या मागे माणसाच्या उंचीएवढा काळपट डाग चढला होता. त्या पहिल्या वर्षभर ओलीबद्दलच अभिजितशी बोलत होत्या. हद्दीचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. फेब्रुवारीत इंजिनिअर आणला, त्यानं मोजलं आणि तिसऱ्या खांबाची गोष्ट निघाली. मग त्या थेट वकिलाकडे गेल्या. ती मोजणी अभिजितला पहिल्यांदा समन्समध्येच दिसली असणार. पाठवलेल्या तिन्ही पत्रांच्या प्रती आणि टपाल कचेरीच्या पावत्या त्यांनी फाइलमधून काढून दाखवल्या. पत्ता बरोबर होता.

खोली बांधायच्या आधी अभिजितनं तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही 'ग्रँड' म्हणालात, म्हणजे चालेल म्हणालात, असं तो म्हणतो, सुचित्राबाई म्हणाल्या.

बाई पहिल्यांदाच हसल्या. "म्हणाले असेन. मी पावसालाही ग्रँड म्हणते. मुलगा अंगणात शेड बांधतोय म्हणाला, मी ग्रँड म्हटलं. माझ्या अंगणात बांधतोय असं तो म्हणाला नव्हता."

निघताना सुचित्राबाईंनी तिसरा खांब बघायचा म्हणून कुंपणापाशी वाकून पाहिलं. दुसरा दिसला, चौथा दिसला. तिसरा सापडेना. तिथे वेल इतका माजला होता की आत हातही जात नव्हता. उन्हाळाभर तो असाच वाढतो, बाई म्हणाल्या. हिवाळ्यात पानं झडली की मगच खांब दिसायला लागतात.

म्हणजे पत्रं गेली होती, योग्य पत्त्यावर गेली होती. ती या घरातच कुठेतरी थांबली होती.

४

घराच्या पुढच्या दाराला टपाल टाकायची फट होती, पण ती आतून चिकटपट्टीनं बंद केलेली. बाहेर भिंतीवर लोखंडी पेटी होती, कुलुपाची. सुचित्राबाईंनी ती आल्या दिवशी पाहिली होती आणि त्यात त्यांना वावगं वाटलं नव्हतं. आता त्यांनी रेवतीला भाजी चिरता चिरता सहज विचारलं. पेटी एप्रिलमध्ये बसवली, रेवती म्हणाली. फटीतून गार वारा येतो असं अभिजितचं म्हणणं. किल्ली त्याच्याकडेच. तिला स्वतःची पत्रंही मागून घ्यावी लागत, त्यावरून एकदा भांडणही झालं होतं.

सुचित्राबाईंनी मनाशी मांडणी केली. मार्चमधलं पाकीट क्षितिजाच्या हातून गहाळ होणं शक्य होतं. पण मे आणि जुलैची पत्रं पेटीत पडली, आणि पेटीची किल्ली क्षितिजाकडे कधीच नव्हती. रेवतीकडेही नव्हती.

तरीही तो पुरावा नव्हता. वेंधळा माणूस पेटीतली पत्रं जाहिरातींबरोबर फेकून देऊ शकतो.

शनिवारी अभिजितनं प्रतिज्ञापत्राचा मसुदा छापून आणला. आत्या कोर्टातल्या, म्हणून एकदा डोळ्यांखालून घालायला त्यानं तो त्यांच्याच हातात दिला. सोबत पाच फोटो जोडले होते. निकाल हाती आल्यावर तीस सप्टेंबरला मी स्वतः काढलेली छायाचित्रे, असं खाली लिहिलं होतं. कुंपणाच्या खांबाला लावलेली मोजपट्टी, खोलीच्या भिंतीपर्यंत ताणलेली. त्याच्या मोजणीनं अतिक्रमण चाळीस नव्हे, पंचवीस सेंटिमीटरच होतं.

सुचित्राबाईंनी चष्मा पुसून पहिला फोटो उजेडात धरला. तिसरा खांब त्यात वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसत होता. वेलाच्या नुसत्या काड्या होत्या, एक पान नव्हतं. आणि कुंपणापलीकडची सगळी कड पिवळ्या फुलांनी भरली होती.

त्यांनी फोटो पालथा ठेवला.

५

दोन दिवस त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत. गप्प बसणं सोपं होतं. त्या पाहुण्या होत्या, डिसेंबरमध्ये परत जाणार होत्या. फोटोतली फुलं न्यायाधीशांना दिसतीलच असं नाही. रेवतीची खोली वाचली असती, आणि तो काही परका नव्हता.

सोमवारी जिन्यावर क्षितिजा भेटली. कामाला निघाली होती, खांद्यावर बॅग होती. ती थांबली.

"काकू, एक विचारू? मला विसरायला होतंय असं तुम्हालाही वाटतं का? मी आईलाही फोनवर विचारलं, लहानपणी मी विसरभोळी होते का म्हणून."

त्या संध्याकाळी, सहाचा वर्ग सुरू होण्याआधी, सुचित्राबाई अंगणातल्या लाकडी खोलीत जाऊन बसल्या आणि अभिजितला बोलावलं. तानपुऱ्याशेजारी तो मांडी घालून बसला. त्यांनी फोटो त्याच्यासमोर ठेवला आणि हा कधी काढलास एवढंच विचारलं. सप्टेंबरमध्ये, तो म्हणाला.

"सप्टेंबरमध्ये तो खांब वेलाखाली होता. मी स्वतः शोधला, सापडला नाही. आणि ही फुलं एप्रिलनंतर उरत नाहीत. तू मार्चमध्ये तिसऱ्या खांबाला पट्टी लावलीस, अभि. बाकीच्या दहा खांबांना नाही. तिसऱ्याच खांबाची गोष्ट तुला कुणी सांगितली होती? ती फक्त समन्समध्ये लिहिलेली होती."

अभिजितनं फोटो जवळ ओढला. त्यानं नाकारलं नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. जानेवारीत नागरिकत्वाचा अर्ज टाकला होता. मार्चमध्ये त्यानं समन्स उघडलं. कोर्टात हजर झालो की आपलं नाव खटल्यात नोंदलं जाणार आणि अर्ज अडणार, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. कुणाला विचारलं नाही. त्या आठवड्यात मोजणी केली, फोटो काढले, आपली बाजू निम्मी खरी आहे हे पाहिलं, आणि उत्तर दिलं नाही तर बाई कंटाळून सोडून देतील असं स्वतःला सांगितलं. रेवतीच्या हाती पुढची पत्रं लागू नयेत म्हणून पेटी बसवली. मे आणि जुलैची पाकिटं त्यानं उघडलीसुद्धा नव्हती. ती ऑफिसच्या कपाटात पडून होती.

"पहिल्या दिवशी एक फोन केला असता तर झालं असतं, आत्या. नंतर दर महिन्याला ते जास्त जड होत गेलं."

"ते मला समजतं," सुचित्राबाई म्हणाल्या. "समन्स बघून घाबरलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. पण त्या पोरीचं काय केलंस तू? तिनं तुला कागद दिला होता. तुला आठवत होतं ना?"

आठवत होतं, असं तो म्हणाला.

दारात रेवती उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आत आली नाही.

"माझ्यासमोर तू तिला खोटं पाडलंस," ती म्हणाली, "आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवून तिच्याशी आठवडाभर बोलले नाही."

६

दुसऱ्या दिवशी अभिजितनं शर्वाणीला खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि जुना मसुदा आता आपण दाखल करू शकत नाही हे स्पष्ट केलं. खरा दाखल केला तर बहुधा हरू, हेही सांगितलं. कोर्ट दोन गोष्टी बघतं: माणूस का आला नाही, आणि आला असता तर त्याच्याकडे सांगण्याजोगं काय होतं. पहिल्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि दुसऱ्याला होतं ते अर्धवट. त्यानं तरीही खराच दाखल करायला सांगितला. पाकीट बारा मार्चला क्षितिजानं माझ्या हातात दिलं, हे वाक्य त्यानं स्वतः घातलं. ऑक्टोबरची मुदत विसर, असं क्षितिजाला रेवतीनंच सांगितलं.

सुनावणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, लिफी नदीच्या काठावरच्या कोर्टात झाली; तोवर खोली काढण्याला स्थगिती होती. सुचित्राबाई मागच्या बाकावर रेवतीशेजारी बसल्या. ब्रेनन बाई पलीकडच्या बाजूला, कोट न काढता. न्यायाधीश बाई होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी प्रतिज्ञापत्र आधीच वाचलं होतं. शर्वाणीनं नागरिकत्वाची भीती सांगितली, पंचवीस सेंटिमीटर सांगितले, 'ग्रँड'सुद्धा सांगितलं. त्यावर न्यायाधीशांनी मान हलवली आणि या देशात त्या एका शब्दावर जमीन द्यायची ठरवली तर कुणाचंच अंगण उरणार नाही, असं त्या म्हणाल्या. हद्द पंचवीसनं ओलांडली की चाळीसनं, ओलांडली हे अभिजितच्याच फोटोंवरून दिसत होतं.

मग त्यांनी अभिजितकडे बघून निकाल सांगितला.

"ज्याला बोलावणं पोचलंच नाही, त्याला मी पुन्हा ऐकून घेते. उशीर झालेल्यालाही कधी कधी ऐकते. तुम्हाला ते पोचलं होतं, तुम्ही वाचलंत, मोजमाप केलंत, आणि उत्तर न द्यायचं ठरवलंत. तुम्ही आज खरं सांगितलंत, त्याची मी नोंद घेते. पण तुम्ही ठरवून गप्प राहिलात त्याची किंमत तुमच्या शेजारणीनं मोजावी, असं मला सांगता येणार नाही."

अर्ज फेटाळला. खोली काढायला फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली.

बाहेर पायऱ्यांवर अभिजित ब्रेनन बाईंपाशी गेला. काय बोलला ते सुचित्राबाईंना ऐकू आलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं, हात पुढे केला, आणि त्या आपल्या बसकडे गेल्या. रेवतीनं गाडीत बसल्यावर सांगितलं की रविवारच्या वर्गासाठी ती गावातल्या ग्रंथालयाची खोली मागून बघणार आहे. अभिजितशी ती तेवढंच बोलली.

संध्याकाळी त्यानं क्षितिजाच्या दारावर टकटक केलं. सुचित्राबाई खालीच थांबल्या, पण जिन्यातून आवाज येत होता. त्यानं माफी मागितली, आडवळण न घेता. तिनं हवं तितके दिवस राहावं, असंही म्हणाला.

"दादा, तुम्ही कोर्टात लिहून दिलंत, मला तेवढं पुरे," ती म्हणाली. "पण त्या दिवसांत मला माझ्याच आठवणीची भीती वाटायला लागली होती. या खोलीत आता झोप नाही लागत. मेनूथ गावात एक जागा बघितलीय."

त्यानं आग्रह केला नाही. शनिवारी तिच्या दोन बॅगा आणि कुकरचं खोकं गाडीत घालून तोच तिला सोडायला गेला. सुचित्राबाई दारात उभ्या राहिल्या. क्षितिजा वाकून पाया पडली, आणि रेवतीनं तिला बराच वेळ मिठीतून सोडलं नाही.

अभिजित तासाभरात परत यायला हवा होता. दोन तास लागले. आल्यावर तो आत्याच्या शेजारी येऊन बसला. मेनूथचे घरमालक म्हातारे गृहस्थ होते आणि किल्ली देण्याआधी त्यांना आधीच्या घरमालकाचं पत्र हवं होतं. क्षितिजानं ते मागितलंच नव्हतं, म्हणून अडलं होतं. त्यानं तिथेच त्यांच्या टेबलावर बसून लिहून दिलं.

"काय लिहिलंस?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"भाडं वेळेवर देते, घर स्वच्छ ठेवते, असं सगळे लिहितात ते लिहिलं," तो म्हणाला. "आणि शेवटी लिहिलं, की ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा."